मासवडीच्या मुलखात

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलात की आधी चाकण येतं, मग राजगुरुनगर. तिथून पुढे गाडी मंचरच्या दिशेने निघाली की खिडकीतून बाहेर बघत राहा. रस्त्याकडेच्या हॉटेलांच्या पाट्यांवर एक शब्द पुन्हा पुन्हा दिसू लागेल. तो शब्द म्हणजे मासवडी! कुठे 'मासवडी-भाकरी', कुठे 'चुलीवरची मासवडी', तर कुठे नुसतंच 'मासवडी मिळेल'. मंचर गेलं, कळंब गेलं, नारायणगाव आलं, आळेफाटा आला, तरी हा शब्द काही आपली पाठ सोडत नाही.

नवखा माणूस विचारात पडतो. समुद्र तर सह्याद्रीच्या पलीकडे राहिला. मग इतके मासे इथे आले कुठून? नदीचे की धरणाचे? तो हॉटेलात शिरतो, ताट मागवतो आणि चकित होतो. कारण मासवडीत मासा औषधालासुद्धा नसतो! ती असते चक्क हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाची.

मी याच भागातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवतो. आमच्या मुलांना हे सांगावं लागत नाही. पण तुम्ही मुंबईत, नागपुरात किंवा कोल्हापुरात बसून वाचत असाल, तर चला माझ्याबरोबर. आज आपण जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके फिरू. किल्ले आणि लेणीही बघू, पण एका ताटाच्या निमित्ताने.

मासा नाही, तरी मासवडी

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे शेजारी तालुके. जुन्नरमध्ये कुकडी आणि मीना या नद्या, आंबेगावात घोड. जुन्नर म्हटलं की शिवनेरी आलाच. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवरायांचा जन्म या किल्ल्यावर झाला. अष्टविनायकांपैकी दोन, लेण्याद्रीचा गिरिजात्मज आणि ओझरचा विघ्नहर, याच तालुक्यात आहेत. आणि नारायणगावजवळ खोडदला गेलात तर आकाशाकडे तोंड करून बसलेल्या प्रचंड जाळीदार थाळ्या दिसतील. ती रेडिओ दुर्बीण. अशा एकूण ३० थाळ्या या परिसरात पसरल्या आहेत आणि एकेका थाळीचा व्यास ४५ मीटर आहे! आपली ताटातली थाळी मात्र लहानच बरी.

तर मासवडी. पिठल्यासारखं घट्ट शिजवलेलं बेसन ओल्या फडक्यावर पातळ थापायचं. त्यावर तीळ, खोबरं, कांदा, लसूण यांचं झणझणीत सारण पसरायचं. मग फडक्याच्या मदतीने गुंडाळी करायची, ती वरून जरा निमुळती दाबायची आणि बोटभर जाडीचे काप करायचे. हा काप माशाच्या तुकडीसारखा दिसतो. बाहेरून पिवळा, आत काळसर. म्हणून ती मासवडी, असं सगळे सांगतात. सोबत लाल-काळा तिखट रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा आणि लिंबू.

आमच्या भागात माळकरी घरं पुष्कळ. आळे गावात तर ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले अशी कथा सांगतात, त्या रेड्याची समाधी आहे. ओतूरला चैतन्य महाराजांची समाधी आहे. गळ्यात तुळशीची माळ असली की मांस-मासे वर्ज्य. पण त्याच गावात, कधी कधी त्याच घरात, मटणावर ताव मारणारेही असतात. मग पाहुणे आले की करायचं काय? दोन चुली, दोन पंगती? मासवडीने हा प्रश्न सोडवला. तिखट रस्सा आहे, तर्री आहे, वाटण आहे, 'तुकडी'सुद्धा आहे. माळकरी आजोबा आणि मटणाचा शौकीन मामा एकाच पंगतीला मांडीला मांडी लावून बसतात. मला तर मासवडीची ही गोष्ट तिच्या चवीइतकीच आवडते.

सामान कुठून कुठून आलं?

आता ताटातल्या एकेका वस्तूचा माग काढू. भूगोलाचा तास समजा, पण चवदार.

पहिलं बेसन, म्हणजे हरभरा. हे रब्बीचं पीक. पावसाळा संपला तरी काळ्या जमिनीत ओल टिकून असते. त्या ओलीवर आणि थंडीवर हरभरा वाढतो, त्याला फारसं पाणी लागत नाही. भाकरीची बाजरी खरिपाची, तीही कमी पावसात येणारी. म्हणून या तालुक्यांच्या पूर्वेकडच्या, कमी पावसाच्या भागात ही दोन्ही पिकं जुनी. पश्चिमेला, सह्याद्रीच्या कुशीत गेलात तर चित्र पालटतं. तिथे पाऊस धो धो कोसळतो, खाचरात भात डोलतो आणि उतारावर नाचणी, वरई. एकाच तालुक्यात दोन तऱ्हेचा पाऊस आणि दोन तऱ्हेच्या भाकऱ्या!

मधल्या काळात आणखी एक बदल झाला. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवरचं डिंभे. कालवे आले, ऊस आला, टोमॅटो आला, द्राक्षं आली. डिंभे धरणाच्या पाण्याखाली जुनं आंबेगाव हे गावच गेलं. तालुक्याचं नाव अजून आंबेगाव आहे, कचेरी मात्र घोडेगावला. पाण्याने शेतकऱ्याच्या घरात पैसा आणला, पण काही गावं त्यासाठी उठली, हेही लक्षात ठेवायला हवं.

दुसरा कांदा. मंचर, जुन्नर, ओतूर, आळेफाटा, कुठल्याही बाजारात जा, कांद्याच्या गोण्यांच्या थप्प्या दिसतील. कोथिंबीर हवी? मग नारायणगावला चला. तिथला टोमॅटोचा बाजार प्रसिद्ध आहेच, पण कोथिंबीर-मेथीच्या जुड्यांचे ढीगही बघण्यासारखे असतात. भाव किलोवर नाही, शेकडा जुड्यांवर ठरतो. तीळ मात्र आता कमी दिसतात. पूर्वी बाजरीच्या शेतात तिळाच्या दोन-चार ओळी हमखास पेरायचे.

आता गंमत बघा. खोबरं! नारळ इथे कुठे पिकतो? तो घाटाखालचा, कोकणातला. आणि घाटाखालचा माल वर यायची जुनी वाट जुन्नरच्याच तालुक्यात आहे. तिचं नाव नाणेघाट.

जुन्नरहून पश्चिमेला घाटघरकडे गेलात की डोंगराचा कडा अचानक तुटतो आणि खाली कोकण पसरलेलं दिसतं. कड्याच्या खाचेतून दगडी वाट उतरते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल बैलांच्या आणि गाढवांच्या पाठीवरून याच वाटेने जुन्नरला यायचा. घाटाच्या तोंडाशी एक कोरीव गुहा आहे. तिच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. यज्ञात दान दिलेल्या गाई आणि नाणी यांचे आकडे त्यात कोरले आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या लिखित आकड्यांमध्ये त्यांची गणना होते. म्हणजे गणिताच्या तासालासुद्धा नाणेघाटला जायला हरकत नाही! वरच एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात.

तेव्हाच्या जुन्नरकरांना मासवडी ठाऊक होती का? निदान आजच्यासारखी तिखटजाळ तरी नक्की नव्हती. कारण मिरची! ती तेव्हा भारतात नव्हतीच. आपले पूर्वज तिखटपणासाठी मिरे, पिंपळी, आलं वापरत. मिरची मूळची अमेरिका खंडातली. १४९८ मध्ये पोर्तुगीज समुद्रमार्गाने भारतात पोचले आणि त्यानंतर त्यांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली. फोडणीसाठी आपण ज्याचं तेल वापरतो तो शेंगदाणाही तिकडचाच. त्याचं मूळ घर दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिना आणि बोलिव्हिया यांच्या सीमेजवळ, असं शास्त्रज्ञ मानतात.

अर्जेंटिनातला चुलतभाऊ

शेंगदाण्याचं बोट धरून आपण अर्जेंटिनात पोचलोच आहोत, तर तिथली पंगतही बघू. हा देश आपल्यापासून इतका लांब, की आपल्याकडे दुपार असते तेव्हा तिकडे पहाट.

तिथल्या लोकांचं लाडकं खाणं म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेलं मांस. राजधानी ब्युनोस आयरिसमध्ये रस्त्याकडेच्या गाड्यांवर 'चोरिपान' मिळतं. मांसाचा, बहुधा डुकराच्या मांसाचा, मसालेदार खिमा नळीसारख्या वेष्टनात भरतात, लोखंडी जाळीवर मंद निखाऱ्यांवर भाजतात, उभा चिरतात आणि कुरकुरीत पावात घालून देतात. 'चोरिसो' म्हणजे तो नळीतला खिमा, 'पान' म्हणजे पाव. दोन शब्द जोडून चोरिपान. अगदी आपल्या मासा आणि वडीसारखं! डुकराच्या खांद्याच्या मांसाचाही असाच पाव करतात, त्याला 'बोंदिओला' म्हणतात. वरून कोथिंबिरीसारखा एक पाला, लसूण, तेल, व्हिनेगर आणि थोडी मिरची यांची चटणी. तिचं नाव 'चिमिचुर्री'. म्हणून बघा, तोंडाला गुदगुल्या होतात.

तुम्हाला वाटेल, हे फारच परकं. पण गोव्याच्या मित्राला विचारा. तिथे पोर्तुगीजांच्या वेळेपासून 'चोरीस' करतात आणि पावाबरोबर खातात. स्पॅनिश 'पान', पोर्तुगीज 'पांव' आणि आपल्या वडापावातला 'पाव' हे तिघे सख्खे भाऊ आहेत, बरं का!

कोण काय खातं हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. कुणी डुक्कर खातं, कुणी मासे, कुणी काहीच नाही. पण माणसं सगळीकडे तेच करतात. जवळ जे पिकतं आणि जे पाळतात ते घ्यायचं, लांबून आलेलं थोडं मिसळायचं, विस्तवाभोवती जमायचं आणि मिळून खायचं.

एक फरक मात्र आहे. भाजणारा एकटा असला तरी चोरिपान होतं. मासवडी एकट्याने करायची म्हणजे कसरत! का, ते कृती वाचताना कळेल.

चला, करू या

हे प्रमाण चार माणसांसाठी.

*पारीसाठी:* बेसन २ वाट्या, पाणी साधारण अडीच वाट्या, तेल २ मोठे चमचे, जिरं, हिंग, हळद, लसूण-हिरवी मिरचीचा ठेचा १ चमचा, मीठ.

*सारणासाठी:* किसलेलं सुकं खोबरं १ वाटी, तीळ अर्धी वाटी, खसखस २ चमचे, मोठे कांदे २, लसणाच्या १५ पाकळ्या, मूठभर कोथिंबीर, लाल तिखट, घरचा काळा मसाला, मीठ.

*रश्श्यासाठी:* कांदे २, सुकं खोबरं पाव वाटी, लसूण, आलं, कोथिंबीर, काळा मसाला, तेल, मीठ.

आधी सारण. तीळ, खसखस आणि खोबरं वेगवेगळं कोरडंच भाजा. तीळ तडतडू लागले की लगेच उतरवा, नाहीतर कडू होतात. कांदा उभा पातळ चिरून थोड्या तेलावर चांगला तांबूस होईपर्यंत परता. ओलसर राहिला तर मासवडी फुटते. मग लसूण, तिखट, मसाला आणि मीठ घालून सगळं एकत्र जाडसर वाटा. पाणी अजिबात घालायचं नाही. शेवटी कोथिंबीर मिसळा. थोडं सारण चाखून बघायला हरकत नाही. थोडंच!

आता रस्सा चुलीवर चढवून ठेवा. कांदा-खोबरं भाजून, आलं-लसूण-कोथिंबिरीबरोबर बारीक वाटा. तेलात हे वाटण तेल सुटेपर्यंत परता, मसाला घाला, गरम पाणी ओता आणि उकळू द्या. दाटपणासाठी थोडं बेसन पाण्यात कालवून लावतात.

आणि आता खरी परीक्षा. जाड बुडाच्या कढईत फोडणी करा, त्यात ठेचा परता, पाणी ओता, मीठ घाला. पाणी खळाखळा उकळलं की एका हाताने बेसन हळूहळू सोडा आणि दुसऱ्या हाताने लाटण्याच्या टोकाने भराभर घोटा. गुठळी राहता कामा नये. झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटं वाफ काढा. ओला हात लावल्यावर पीठ चिकटलं नाही, म्हणजे शिजलं.

तोवर दुसऱ्याने पाटावर सुती फडकं पसरून ठेवायचं. ते ओलं करून घट्ट पिळलेलं हवं. गरम पिठाचा गोळा त्यावर टाका आणि पाण्याचा हात लावत भराभर पातळ थापा. तिसऱ्याने लगेच सारण पसरायचं. मग फडक्याच्या कडा उचलून दोन्ही बाजूंनी पारी आत दुमडायची आणि फडक्यावरूनच दाबून लांबट, वर निमुळता आकार द्यायचा. जरा निवली की काप करा. वरून खोबरं-कोथिंबीर भुरभुरा. काप रश्श्यात आधीपासून बुडवून ठेवू नका, वाढतानाच रस्सा घाला.

एवढी घाई कशाला?

बेसनात पिष्टमय पदार्थ असतात. उकळत्या पाण्यात त्यांचे कण पाणी शोषून फुगतात आणि पीठ मऊ, लवचीक होतं. निवायला लागलं की ते घट्ट बसू लागतं. गरम असताना वळवाल तसं वळतं, गार झालं की वाकवायला जाताच तडकतं. म्हणजे हातात जेमतेम दोन-चार मिनिटं असतात! तेवढ्यात थापायचं, सारण पसरायचं, गुंडाळायचं. म्हणूनच मासवडीला एकापेक्षा जास्त हात लागतात. आमच्याकडे चार बायका गोलाकार बसून मासवड्या करतात, त्या काही नुसत्या गप्पांसाठी नाही!

एक मात्र नक्की पाळा. घोटणं आणि थापणं मोठ्यांनीच करायचं, कारण वाफेचा चटका फार वाईट. मुलांनी लसूण सोलायचा, कोथिंबीर निवडायची, फडकं पिळून ठेवायचं, सारण पसरायचं. आणि मुलगे, तुम्हीसुद्धा! यात्रेत शेकडो माणसांचा स्वयंपाक पुरुष आचारीच करतात ना? मग घरी लसूण सोलायला लाज कसली?

आजींचा अंदाज

एकदा मी वर्गात विचारलं, "मासवडी कुणाकुणाला आवडते?" सगळे हात वर! "आणि घरी कोण करतं?" बरेच हात खाली आले. जी मुलं बोलली, ती एकच सांगत होती, "आजी करायची, सर. आता आम्ही हॉटेलातून आणतो."

हॉटेलातली मासवडी वाईट नसते. तिच्यावर कितीतरी घरं चालतात, आणि भाकऱ्या थापणाऱ्या कितीतरी बायांना तिने रोजगार दिलाय. हॉटेलांमुळेच तर मासवडीचं नाव आमच्या गावांबाहेर पोचलं. पण घरात ती का बंद पडली? आळस म्हणून नाही. घरातली माणसं कमी झाली. आई एकटी शेतातून किंवा कामावरून दमून येणार आणि तिने एकटीने बेसन घोटायचं, थापायचं, वळायचं? कसं जमणार?

मग मी मुलांना अभ्यास दिला. घरातल्या किंवा शेजारच्या आजीला कृती विचारून लिहून आणा. दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. जवळजवळ प्रत्येक वहीत एक शब्द होता, 'अंदाजाने'. बेसन अंदाजाने, पाणी अंदाजाने, तिखट अंदाजाने! एका आजींना मी भेटून विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, "गुरुजी, माप हातात असतंय. कागदावर कसं उतरणार?"

खरं आहे. म्हणून आम्ही वाटी घेऊनच त्यांच्याजवळ बसलो. आजींनी मूठ भरली की एक मुलगी ती वाटीत ओतून मोजायची, एक मुलगा लिहायचा. असं करत दोन वाट्या आणि अडीच वाट्या ठरल्या. वर दिलेलं माप ते हेच. पण पीठ शिजलं की नाही, हे ओल्या बोटाने ओळखायचं तेवढं मात्र वहीत नाही मावलं. ते आजींनी मुलांचं बोट धरून दाखवलं.

नागनिका राणीचे आकडे दगडावर कोरले, म्हणून दोन हजार वर्षं टिकले. आजींचं माप कुणी कोरलेलं नाही. ते हातातून हातात गेलं तरच टिकेल, आणि मध्ये एक पिढी जरी हात पुढे करायला विसरली, तर संपेल.

तुमच्या गावाला मासवडी नसेल. पण काहीतरी असेलच. विदर्भातली सांडगी मिरची असेल, खानदेशातली कळण्याची भाकरी असेल, कोकणातली सांदणं असतील. येत्या रविवारी एक वही, एक पेन्सिल आणि एक वाटी घ्या. आजीजवळ, आजी नसतील तर शेजारच्या काकूंजवळ बसा. त्या 'अंदाजाने' म्हणाल्या की म्हणा, "थांबा हं, आधी मोजू द्या!" आणि लिहून झालं की वही बाजूला ठेवून, हात धुऊन कामाला लागा.